आंघोळीच्या पाण्याला सबसिडी कोण देणार?

डिसेंबर लागला की आमच्याकडे पहाटे पाचपासून अंगणाअंगणात धूर दिसतो अन् तो सैपाकाचा नसतो, आंघोळीच्या पाण्याचा असतो. बाहेरच्या लोकांना विदर्भ म्हटलं की ४५-४६ डिग्रीचा उन्हाळाच आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता, अन् गावात तं चारही बाजूंनी ओलिताची वावरं, गहू-हरभऱ्याला पाणी सुरू, त्यामुळे थंडी अजूनच झोंबते. घरात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी पोरं, एखादी बाळंतीण, म्हणजे चार-पाच बादल्या गरम पाणी लागतंच लागतं. हे पाणी तापतं कशावर? चुलीवर. ज्या घरात गॅस आहे त्या घरात पण चुलीवरच.

मी वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्याकडे राहते अन् बचत गटाचं काम करते, त्यामुळे गॅसची असो, गोबर गॅसची असो की आता छतावरच्या सोलरची, योजना आली की फॉर्म भरायला, कागदं गोळा करायला, मिटिंगला बाया जमवायला आम्हालाच सांगतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. घरचं इंधन बदलायच्या या सगळ्या योजना चांगल्या आहेत, पाहिजेतच, पण त्यांची सूट असते वस्तूवर, अन् घरातल्या बाईची अडचण सुरू होते ती वस्तू घरात आल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तेव्हा तिच्या दारात कोणीच येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण त्यात खूप बारीक-बारीक गोष्टी आहेत अन् त्या कुठेच लिहिलेल्या दिसत नाहीत.

उज्ज्वलाचंच घ्या. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियाहून ही योजना सुरू झाली, कनेक्शन घरच्या बाईच्या नावावर, हे मला आजही फार मोठं वाटतं कारण आमच्या गावात अशा कितीतरी बाया होत्या ज्यांच्या नावावर तोवर घर नाही, वावर नाही, काहीच नव्हतं अन् पहिल्यांदा गॅसचं पुस्तक आलं. आठ कोटीवं कनेक्शन तर आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला, ७ सप्टेंबर २०१९ ला दिलं गेलं. मग ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वला २.० आली, त्यात रेशन कार्ड नसलेल्या, कामासाठी गाव सोडून गेलेल्या कुटुंबांना स्वतः लिहून दिलेला पत्ता चालायला लागला. आज देशात १० कोटींच्या वर कनेक्शन आहेत. हे काम लहान नाही अन् कोणी त्याला नावं ठेवली तर मला वाईट वाटतं, कारण चुलीपुढे बसून डोळे चोळत फुकणी फुंकणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्यात अन् त्यांचा खोकला पण ऐकलाय.

पण सुरुवातीच्या वर्षांत एक गोष्ट बायांना कोणी धड समजावून सांगितली नव्हती. कनेक्शनचे १६०० रुपये सरकारने भरले, शेगडी अन् पहिलं सिलिंडर मात्र ज्यांनी हप्त्यावर घेतलं त्यांचा तो हप्ता पुढच्या सिलिंडरांच्या सबसिडीतून कापला जायचा. म्हणजे ज्या बाईला सबसिडीची सगळ्यात जास्त गरज होती तिलाच पहिली काही सिलिंडरं पूर्ण भावाने पडली. एप्रिल २०१८ पासून पहिल्या सहा सिलिंडरांपर्यंत ही कपात थांबवली, ते बरंच झालं, पण तोवर ‘सबसिडी येतच नाही’ हे गावात पक्कं बसलेलं होतं, अन् एकदा बसलेली गोष्ट गावातून काढणं किती कठीण असतं ते गावात काम करणाऱ्यालाच कळतं.

आता पाण्याचं. ‘गॅसवर आंघोयीचं पानी तापवलं तं सिलिंडर महिनाभर बी नाई पुरत वो ताई’ असं मला जवळपास प्रत्येक घरी ऐकायला मिळतं. काही साहेब लोक याला बायांची सवय म्हणतात, अज्ञान म्हणतात. मी एकदा हिशोब मांडून पाहिला तर बायाच बरोबर निघाल्या. २० लिटरची बादली, टाकीतलं पाणी समजा २० डिग्रीचं, ते ४५ पर्यंत न्यायचं, म्हणजे ५०० किलोकॅलरी उष्णता पाण्यात जायला पाहिजे. एक किलो गॅसमध्ये साधारण ११ हजार किलोकॅलरी असतात, शेगडी अन् गंज (पाण्याचं पातेलं) मिळून त्यातली ६० टक्के पाण्यात गेली असं धरलं तरी एका बादलीला ७५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागला. पाच बादल्या म्हणजे रोज पावणेचारशे ग्रॅम, महिन्याचे ११ किलोच्या वर. सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो. म्हणजे हिवाळ्यात नुसत्या आंघोळीलाच जवळजवळ एक पूर्ण सिलिंडर अन् सैपाकाचं वेगळं! २०२५-२६ ला उज्ज्वलाच्या बाईला वर्षाला नऊ सिलिंडरांवर प्रत्येकी ३०० रुपये सबसिडी आहे. नऊ सिलिंडरांत बारा महिन्यांचा सैपाक अन् चार महिन्यांचं गरम पाणी बसत नाही, सरळ गणित आहे, यात अज्ञान कुठून आलं?

हेच चुलीवर पहा. तीन दगडांची नाहीतर साधी मातीची चूल जळतणाच्या उष्णतेतली दहा-पंधरा टक्केच भांड्याला देते, बाकीची हवेत. म्हणजे एका बादलीला एक किलोच्या आसपास लाकूड, पाच बादल्यांना रोज पाच किलो. एवढं जळतण येतं कुठून, तर आमच्याकडे वावरातून. कापूस झाला की पऱ्हाटी उपटायची, तूर निघाली की तुराट्या, आणि ते घरामागे रचून ठेवायचं, पावसाळ्यापुरतं कोठ्यात टाकायचं. पैसे पडत नाहीत म्हणून ते फुकट वाटतं. (कृषी विभागाचे लोक दरवर्षी सांगून जातात की पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात दबून बसते अन् पुढच्या हंगामाला परत येते, २०१७ ला आमच्या भागाने त्या अळीचं काय भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण पऱ्हाटी रचायची नाही तर आंघोळीचं पाणी कशावर तापवायचं हे कृषीवाले सांगत नाहीत, अन् गॅसवाले बोंडअळीबद्दल बोलत नाहीत. दोघांनी एकदा एकाच मिटिंगला यावं असं मला फार वाटतं.)

आणखी एक गोष्ट, पैशाचा हंगाम. आमच्याकडे पैसा येतो दिवाळीपासून, सोयाबीन विकलं की, मग कापूस, मग तूर. अन् हातात काहीच नसतं ते जून-जुलै-ऑगस्टला, बी-बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळं तेव्हाच. जळतण ओलं होतं ते पण तेव्हाच! म्हणजे ज्या महिन्यात गॅसची खरी गरज त्याच महिन्यात सिलिंडरला लागणारे नऊशेच्या आसपास रुपये घरात नसतात. सबसिडीचे ३०० येतात ते सिलिंडर घेतल्यानंतर, आधी नाही. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरची सोय उज्ज्वलामध्ये आहे, ती अशाच वेळेसाठी चांगली आहे, एका वेळी थोडे पैसे लागतात, पण गावात किती जणींना ते माहीत आहे विचारलं तर हात वर होत नाहीत. २०२४ ला राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वलाच्या अन् लाडक्या बहिणींच्या घरांना वर्षाला तीन सिलिंडरं मोफत जाहीर केली, तेव्हा आमच्या गटातल्या बायांनी मिटिंगमध्येच ठरवलं होतं की मिळाली तं पावसाळ्यासाठी राखायची. हा शहाणपणा त्यांचा स्वतःचा आहे, कोणत्या शिबिरात शिकवलेला नाही.

अन् पैसे जमा होतात कुठे? हे मी मुद्दाम लिहिते कारण यात फार बायांचा वेळ जातो. सबसिडी आधार नंबरवर येते, म्हणजे ज्या बँकेत तुमचं आधार सगळ्यात शेवटी लिंक झालं त्या खात्यात. गॅस एजन्सीत तुम्ही ज्या बँकेचं पासबुक दिलं त्यातच येईल असं नाही. गेल्या वर्षी कोणी कर्जासाठी नाहीतर पीक विम्यासाठी नवीन खातं उघडून घेतलं अन् तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे जायला लागतात अन् बाई बिचारी जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून मारून थकते. ‘मले नाई समजत ते बँकेचं, पोरगा पायते’ असं म्हणून सोडून देतात. पोरगा पुण्याला कंपनीत. तर आधी आधार सीडिंग, म्हणजे आधार जोडणी, कोणत्या बँकेला आहे ते पाहून घ्या, आधारच्या वेबसाइटवर दिसतं, मोबाईल नंबर जोडलेला असला की दोन मिनिटाचं काम आहे, नाहीतर तुमच्या गावच्या सीएससीवाल्या, म्हणजे ऑनलाइन सेवा केंद्रवाल्या, भाऊला सांगा. ई-केवायसी पण करून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल मी हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचं काऊन इतकं लावून धरते. त्याचं एक कारण माझा मामेभाऊ आहे. तो अमेरिकेत कनेक्टिकटला असतो, त्याने जुनं घर घेतलं तर त्याच्या तळघरात तेलाची टाकी निघाली, २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या वर! तिकडे ईशान्येच्या राज्यांत अजून लाखो घरं तेलावर गरम होतात, ते तेल आपल्या डिझेलसारखंच असतं, फक्त ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. तळघरातला बॉयलर ते तेल जाळतो, पाणी गरम करतो, अन् ते गरम पाणी घरभर नळ्यांमधून फिरतं. म्हणजे त्याच्या घरी पण शेवटी विषय पाणी तापवायचाच! त्याचा बॉयलर फार जुना होता, तेल जास्त खायचा, तर त्याला नवीन बसवायला सूट मिळाली. मी लगेच विचारलं की ही सूट देतं कोण, सरकार का? तर तो म्हणे यातली एक सूट तेलातूनच येते.

ते मला खूप आवडलं म्हणून सांगते. अमेरिकेत २००० साली कायदा करून ‘नॅशनल ऑइलहीट रिसर्च अलायन्स’ नावाची संस्था उभी केली, तिला नोरा म्हणतात. घरं गरम करायच्या तेलाच्या प्रत्येक गॅलनमागे ०.२ सेंट, म्हणजे एका सेंटचा पाचवा हिस्सा, घाऊक विक्रीतच बाजूला काढला जातो अन् त्यातून संशोधन, मेकॅनिक लोकांचं ट्रेनिंग, ग्राहकांना माहिती देणं अन् जुने बॉयलर, जुन्या टाक्या बदलायला सूट असं सगळं चालतं. किती चांगला बॉयलर घ्यायचा याचं पण माप ठरलेलं आहे, एनर्जी स्टारचं (कमी इंधन खाणाऱ्या यंत्रांना तिकडे मिळतं ते) लेबल पाहिजे तर बॉयलरने वर्षभराच्या सरासरीत तेलातल्या उष्णतेपैकी किमान ८७ टक्के कामात आणली पाहिजे. पण मला त्याच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्याला तेल पुरवणारी जी कंपनी आहे तिचाच माणूस दरवर्षी हिवाळ्याच्या आधी घरी येतो, नोझल बदलतो, फिल्टर बदलतो, काजळी साफ करतो, धुराड्यातून जाणारी हवा यंत्राने तपासतो अन् कागदावर लिहून देतो की यावर्षी बॉयलर किती टक्क्याने चाललाय. जुना बॉयलर बदला, सूट आहे, हे पण त्यालाच त्या माणसाने सांगितलं, सूटही त्याच कंपनीमार्फत मिळाली. कुठलं शिबिर नाही, मंडप नाही, पाहुणे नाहीत. जो माणूस घरात येतोच येतो तोच सांगतो, अन् पुढच्या वर्षी परत येणार असतो म्हणून जबाबदारीने सांगतो.

आपल्याकडे असा माणूस आहे का? आहे नं! सिलिंडर टाकणारा पोरगा. तो दर महिन्या-दोन महिन्याने घरापर्यंत येतो, नळी जुनी झालेली त्याला दिसते, शेगडीची ज्योत पिवळी येते ते त्याला दिसतं, अन् पिवळी ज्योत म्हणजे बर्नरमध्ये हवा नीट जात नाही, गॅस वाया जातोय अन् भांडं काळं होतंय. त्याला जर दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, बर्नर साफ करून द्यायचे थोडे पैसे दिले, पाच किलोच्या सिलिंडरची माहिती सांगायला सांगितली, तर गावात जे काम दहा शिबिरांनी होत नाही ते तो करेल. अन् त्याच्याबरोबर बचत गटातली एक बाई, कारण घरात पुरुषमाणूस नसला की बाया त्या पोरासोबत फार बोलत नाहीत, मोठ्या घरच्या सुना तर नाहीच.

शिबिरं नकोत असं माझं म्हणणं नाही. २०१७ पासून एलपीजी पंचायती सुरू झाल्या, त्याची कल्पना छान होती, गावातल्या बायांनी एकत्र बसायचं, गॅस वापरणारीने न वापरणारीला सांगायचं. पण दुपारी बाराला ठेवली अन् तीही कापूस वेचणीच्या दिवसात तर कोण येणार? वेचणी किलोवर असते, दोन तास मिटिंगला बसलं की तेवढी मजुरी गेली. आमच्या गटाने ठरवलंय की इंधनाचं काही सांगायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर, मंदिराच्या ओट्यावर, अन् शेगडी पेटवून दाखवायची, नुसती पत्रकं वाटायची नाहीत.

वर्ध्याला तर याचा फार जुना वारसा आहे. गांधीजींनी १९३४ ला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं काम मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा ते सांभाळायचे. तिथेच धूर बाहेर काढणारी मगन चूल झाली अन् रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगन दीप झाला. विचार करा, परदेशातून येणारं रॉकेल विकत घेण्यापेक्षा आपल्या तेलघाण्यावरचं तेल दिव्याला वापरा हे तेव्हा सांगितलं गेलं. पुढे सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, ऐंशीच्या दशकात सुरू झाला, २००२ ला बंद झाला, देशभर तीन कोटींच्या वर चुली बांधल्या, त्यात अर्ध्याच्या आसपास खर्च सबसिडीचा. त्यातली एकही आमच्या गावात आज चालू नाही. मातीची चूल दोन वर्षात तडकते, धुराडं काजळीने बुजतं, ते साफ करणारं अन् नवीन लिंपणारं कोणी ठेवलंच नव्हतं. चूल बांधणाऱ्या माणसाला पैसे होते बांधण्याचे, परत येऊन पाहण्याचे नव्हते. बांधलेल्या मोजल्या, पेटलेल्या मोजल्या नाहीत.

रॉकेलचं पण तसंच. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने नूतन नावाचा वातीचा स्टोव्ह काढला होता, कमी तेलात जास्त आच, त्याचा प्रचार पण जोरात झाला, पीसीआरए म्हणून तेल बचतीची संस्था आहे १९७८ पासूनची, ती आजही ‘सक्षम’ नावाने दरवर्षी जनजागृती करते. नूतन चांगला चालला कारण वात गावच्या दुकानात मिळायची अन् ती बदलायला मिस्त्री लागत नव्हता. मग गॅस आला की रेशन कार्डावर शिक्का अन् रॉकेल बंद. ते योग्यच आहे, पण त्याचा एक परिणाम कोणाच्या लक्षात आला नाही, चूल पेटवायला बाया आधी घोटभर रॉकेल टाकायच्या, आता प्लास्टिकची पन्नी जाळतात. तो धूर लाकडाच्या धुराहून वाईट. मी ज्या घरी जाते तिथे हे सांगतेच सांगते, पन्नी नका जाळू वो बाई, वाळलेली गोवरी नाहीतर कापसाची बोंडं वापरा, मिनिटभर जास्त लागेल पण पोरांच्या छातीत ते विष जाणार नाही.

गोबर गॅसबद्दल मला सगळ्यात जास्त आशा आहे अन् सगळ्यात जास्त हळहळ पण. दोन घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच ढोरं. आता गावात ढोरंच कमी झाली, ट्रॅक्टर आले, चराई राहिली नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दीनबंधू नावाचा, घुमटासारखा पक्का डोम असलेला प्लँट बांधला, सबसिडी मिळाली, चार वर्षं मस्त चालला, वावराला स्लरी मिळाली अन् मग कुठेतरी डोमला बारीक चीर पडली, गॅस राहीना. डोम दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्यात नाही. आता त्यात पाणी साचलंय. एका मिस्त्रीला ट्रेनिंग देऊन वर्षभर तालुक्यात फिरवला असता तर किती प्लँट परत सुरू झाले असते हो!

तर मग आंघोळीच्या पाण्याचं काय करायचं? माझ्या मते याला पाणी तापवायचा साधा बंब सगळ्यात जवळचा उपाय आहे. मधून धुराची नळी जाते अन् चारही बाजूंनी पाणी, त्यामुळे उघड्या चुलीवरच्या गंजापेक्षा बरीच जास्त उष्णता पाण्यात जाते, थोड्याशा पऱ्हाट्यांवर, पालापाचोळ्यावर पाणी तापतं, जाड लाकूड लागतच नाही. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या जंगलालगतच्या गावांत असे बंब सवलतीत दिले आहेत, कारण तिथे सरपणाला जंगलात जाणं म्हणजे जीवाची बाजी आहे. आमच्याकडे पण बोर व्याघ्र प्रकल्प आहे, काठावरच्या गावातल्या बायांना हे काही सांगावं लागत नाही. बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना जन-वन विकास योजनेतून गॅस मिळाला, चांगलं झालं, पण गॅस सैपाकाला वापरतात अन् पाण्यासाठी पुन्हा सरपणाला जातात. म्हणून जिथे गॅसवर सूट आहे तिथेच बंबावर पण असली पाहिजे. एवढी साधी गोष्ट आहे.

सोलर वॉटर हीटर पण लोक विचारतात. त्याच्यावर आधी केंद्राची सबसिडी होती, ती बंद झाली. शिवाय त्याला वर थंड पाण्याची टाकी लागते, टिनाच्या नाहीतर कवेलूच्या घरावर ते बसत नाही, अन् अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात नळ्यांमध्ये क्षार जमतात. ज्यांचं स्लॅबचं घर आहे त्यांनी मात्र पीएम सूर्यघरचा, म्हणजे छतावर विजेचं सोलर पॅनल बसवायचा, विचार जरूर करावा. २०२४ पासूनची योजना आहे, एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन अन् त्याच्या वर ७८ हजार सबसिडी. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. पाण्याच्या रॉडला एका बादलीला अर्ध्या युनिटच्या थोडं वर लागतं, पाच बादल्यांना तीन युनिट. सकाळी ऊन नसतं पण नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेली वीज सकाळी वापरलेल्या विजेशी वळती होते, म्हणजे हिवाळ्यातलं सगळं पाणी त्या एका किलोवॅटमध्ये निघतं. फक्त अर्थिंग नीट करून घ्या अन् रॉड चालू असताना पाण्यात हात घालून पाहू नका, लोखंडी बादलीला तर शिवू पण नका. या योजनेत ग्रामपंचायतीला पण गावात बसलेल्या प्रत्येक सोलरमागे हजार रुपये मिळतात, हे सरपंच भाऊंना विचारा, बऱ्याच ठिकाणी पंचायतीला माहीतच नसतं.

एक सुरक्षेचं सांगून ठेवते. एकाच खोलीत पेटती चूल अन् सिलिंडर ठेवू नका. आमच्याकडे लहान घरं, एकच खोली, थंडीत चूल आत घेतात अन् तिथेच कोपऱ्यात गॅस. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो अन् चुलीतला इस्तो (विस्तव) पण जमिनीवरच असतो. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली उभं, चूल अंगणात. नळी पाच वर्षांत बदला. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर अक्षर अन् साल पहा, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, ती तपासणीची तारीख असते, ती उलटून गेली असेल तर घेऊ नका. वास आला तर बटण चालू-बंद करू नका, दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा अन् १९०६ ला फोन लावा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमचा गट तीन मागण्या लेखी देणार आहे. बंबासाठी पंचायतीच्या निधीतून नाहीतर सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकामाच्या पैशातून) सूट, सिलिंडर टाकणाऱ्या पोराला अन् गटातल्या दोघींना शेगडी दुरुस्तीचं ट्रेनिंग, अन् तालुक्याला गोबर गॅसचा एक तरी मिस्त्री. चौथी मागणी एका आजीने सुचवली, ‘पावसायात पाच किलोचं सिलिंडर गावातच ठेवा वो बाई, एजन्सीत जायले यष्टीचे पैसे लागतात’. ती पण टाकली आहे. अर्जाचा मसुदा मी इथे पुढच्या आठवड्यात टाकते, ज्यांना आपल्या गावात द्यायचा असेल त्यांनी नाव बदलून घ्या, सही जितक्या बायांची घेता येईल तितक्यांची घ्या.